चढाईपटू : जुने आणि नवे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातील मित्रांनी मोठमोठे विषय निवडले. कुणी ग्रामीण कथेवर लिहिणार होता, कुणी संतवाङ्मयावर, कुणी मराठवाड्यातील दुष्काळावर. मी कबड्डीवर लिहितो असे म्हणालो तेव्हा एक मित्र हसून म्हणाला, "कबड्डी खेळायची असती रे, तिच्यावर लिहायचं काय असतंय?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु गेल्या वर्षी लातूरला आम्ही एक सामना हरलो, आणि त्या हरण्यात माझ्या एका वहीचा मोठा वाटा होता. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. त्या वहीत काय चुकले याचा शोध घेता घेता हा लेख झाला. संघात मुरलेला जुना चढाईपटू आणि नवा वेगवान चढाईपटू यांची सांगड कशी घालावी, एवढाच माझा विषय आहे. मी काही या खेळाचा तज्ज्ञ नाही. जाणकार गुरुजनांनी चुका पदरात घ्याव्यात.

ज्यांनी कबड्डी केवळ मैदानावरून जाता-येता पाहिली आहे, त्यांच्यासाठी आधी थोडे नियम सांगतो. खेळणाऱ्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला सात खेळाडू आणि बाहेर पाच राखीव. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी कबड्डी' असा दम धरून समोरच्यांच्या अंगणात जायचे, कुणाला तरी शिवून परत यायचे. वेळ ३० सेकंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. कुणालाही न शिवता आणि ही रेषाही न ओलांडता जो परत येतो, तो स्वतःच बाद होतो. तिच्या मागे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. आता एक बारकावा, जो पुढे महत्त्वाचा आहे. स्पर्शाने गडी बाद केला तर आपला बाद झालेला एक गडी आत येतो. बोनसने मात्र नुसता गुण मिळतो, गडी आत येत नाही. समोरचे सगळे बाद झाले की लोण चढतो आणि दोन गुण जास्तीचे मिळतात. पुढे प्रो कबड्डी लीगमुळे आणखी दोन गोष्टी घरोघरी माहीत झाल्या. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर तिला अव्वल पकड म्हणतात व तिचे दोन गुण होतात.

आता वहीकडे वळतो.

मी महाविद्यालयात आलो तो अहमदपूर तालुक्यातील एका खेड्यातून. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील लातूरच्या आडतीवर हमाली करतात. कागदावर आकडे मांडण्याची मला लहानपणापासून हौस. वडिलांच्या हजेरीचा आणि पोत्यांचा हिशेब मीच ठेवीत असे. प्रथम वर्षाला असताना संघात निवड झाली आणि मी सवयीने कबड्डीचाही हिशेब ठेवू लागलो. प्रत्येक सामन्यानंतर वहीत नाव, चढाया आणि गुण असे तीन रकाने भरीत असे.

आमच्या संघात एम. ए. द्वितीय वर्षाचे एक विद्यार्थी होते. वय २४ संपत आलेले. विद्यापीठीय स्पर्धांना २५ वर्षांची मर्यादा असते, म्हणून ते त्यांचे शेवटचे वर्ष. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू, येथेही तसेच म्हणतो. पाच वर्षे ते महाविद्यालयाकडून खेळले. सकाळी पोलीस भरतीसाठी धावायचे आणि संध्याकाळी आमच्याबरोबर मैदानावर. त्यांची चढाई प्रेक्षकांना आवडत नसे. आत जायचे, डाव्या कोपऱ्याकडे दोन पावले, मग मागे, मग उजव्या कोपऱ्याकडे नुसती नजर, निदान रेषेवर पाय टेकवायचा आणि परत यायचे. पोरे बाहेरून ओरडायची, "अरे हात तरी लावा!" माझी चढाई याच्या उलट. मी वाऱ्यासारखा जाई, लाथ मारी, दोन गडी घेऊन येई, आणि टाळ्या पडत.

लातूरच्या स्पर्धेपूर्वी सातांची यादी करायची होती. सरांनी आम्हां खेळाडूंनाच विचारले, चढाईला कोण असावे? कुणी बोलेना. तेव्हा मी वही काढली. मागील सामन्यांत माझे गुण दादांच्या दुपटीहून जास्त होते. वही माझी, अक्षर माझे, आणि आकडे खरे होते; त्यात काडीचीही लबाडी नव्हती. सरांनी वही पाहिली, दादांकडे पाहिले. दादाच म्हणाले, "बरोबर हाय, पोरगा चांगला चालायला. त्याला घ्या." आणि ते राखीव खेळाडूंत गेले. मला त्या वेळी मनातून आनंद झाला, हे लपवून काय उपयोग?

उपांत्य सामन्यात शेवटची चार मिनिटे उरली तेव्हा आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. येथून पुढे काय झाले ते मी मोबाइलवरील चित्रीकरणात नंतर अनेकदा पाहिले आहे. चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद. प्रत्येक चढाईला पूर्ण ३० सेकंद घेतले असते तर दोन्ही संघांच्या मिळून आठच चढाया झाल्या असत्या, समोरच्यांच्या वाट्याला चार. मी मात्र आत जायचो आणि आठ-दहा सेकंदांत झडप घालायचो. वेळ वाचवून मी समोरच्यांना दान केला. बारा की तेरा चढाया झाल्या. दोन वेळा मला कोपऱ्याने घोट्यात पकडले. चढाईपटू बाद झाला की पकडीच्या वेळीही एक गडी कमी पडतो, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते; मी बाहेर बसलेला आणि आत आमची साखळी तुटलेली. एक मिनिट उरले तेव्हा आम्ही तीन गुणांनी मागे होतो. सरांनी दादांना आत पाठविले. समोर सहा गडी. दादांनी सावकाश जाऊन बोनस घेतला आणि परत आले. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. दादांचा विद्यापीठ पातळीवरील तो शेवटचा गुण.

वडील अर्धी रोजी बुडवून सामना पाहायला आले होते. ते या खेळाला अजून हुतूतूच म्हणतात. सामना झाल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "तो म्हातारा पोरगा भाईर कामून बसिवला व्हता?" चोवीस वर्षांच्या दादांना त्यांनी म्हातारा म्हटले याचे मला हसू आले नाही. पुढे ते म्हणाले, "आमच्यातबी पोती उचलायला तरणा गडी लागतोय. पण थप्पी लावायला जुना माणूस ठिवतेत. तरण्यानं लावली तर रातच्याला ढासळती." 

परतीच्या एस.टी.त मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. अहमदपूरच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा दादा शेंगांची पुडी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "घाई कशाला करायलास? तीस सेकंद दिलेत तर तीसबी वापर." लोहा येईपर्यंत पुढे काही बोलणे झाले नाही.

नंतर खोलीवर आल्यावर वही काढली आणि विचार करू लागलो. आकडे खरे होते, मग निष्कर्ष खोटा कसा निघाला? काही दिवसांनी लक्षात आले की चूक रकान्यांत होती. दादांच्या नावापुढे मी असंख्य शून्ये लिहिली होती. परंतु दादा शून्य गुण घेऊन परत आले आणि मी शून्य गुण घेऊन पकडला गेलो, या दोन्हींना माझ्या वहीत एकच खूण होती. पहिल्या शून्यात ३० सेकंद संपलेले आणि गडी जिवंत असतो. दुसऱ्या शून्यात समोरच्यांना एक गुण, त्यांचा एक गडी आत आणि आमचा एक बाहेर. रिकामी चढाई हा शब्दच फसवा आहे असे मला आता वाटते.

मग मी रकाने वाढविले. समोर किती गडी होते? किती सेकंद घेतले? परत आला की पकडला गेला? जुन्या चित्रीकरणांवरून आमचेच सामने पुन्हा मांडले, आणि प्रो कबड्डीतील सामनेही खोलीतल्या मित्राच्या मोबाइलवर पाहून मांडू लागलो. (त्या महिन्यात त्याचा सगळा डेटा माझ्यापायी संपत असे, त्याचे आभार येथेच मानतो.) त्यातून एक गोष्ट मला दिसली. ती नियम म्हणून सांगण्याइतका मी मोठा नाही, पण मांडतो.

समोर सात किंवा सहा गडी असतात तेव्हा कोपरे भरलेले असतात, मधली साखळी शाबूत असते. अशा वेळी वेगवान पोरगा स्पर्शासाठी आत शिरला तर बहुधा घेरला जातो. पण बोनस याच वेळी मिळतो. म्हणजे भरल्या अंगणात जायला असा माणूस हवा, ज्याला पाय कुठे टाकायचा आणि मुख्य म्हणजे केव्हा मागे घ्यायचा हे कळते. समोर पाच-चार गडी उरले की बोनस बंद होतो, मैदान मोकळे होते, साखळीत फटी पडतात. येथे वेग आणि लांब लाथ कामाला येते. येथे गुण आणला की आपला बाद गडीही आत येतो. आणि समोर तिघेच उरले की पुन्हा सांभाळून जावे लागते, कारण पकड झाली तर दोन गुण जातात. तीन गड्यांसमोर नव्या पोराला लोण चढविण्याची घाई होते. मला तरी दर वेळी होत असे.

म्हणजे जुना की नवा, हा प्रश्न यादी करताना एकदाच सोडवून मोकळे होण्याचा नाही. तो सामन्यात दर अर्ध्या मिनिटाला नव्याने उभा राहतो. चाळीस मिनिटांत पूर्ण वेळ घेतला तर ८० चढाया होतात, आपल्या वाट्याला ४०. या ४० चढायांची वाटणी समोरच्या गड्यांच्या संख्येवर करावी लागते. माझ्या वहीमुळे आम्ही ती वाटणी सामन्याआधीच करून टाकली होती, आणि तीही सगळी माझ्या बाजूने.

आता हे फक्त आमच्या महाविद्यालयापुरते आहे काय? मोठ्या संघांचे काय होते ते पाहू.

२०१६ साली अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक झाला. भारताचा कर्णधार अनुप कुमार, वय ३२ संपत आलेले. बोनससाठी तो नावाजलेला. त्याच संघात प्रदीप नरवाल होता, १९ वर्षांचा, म्हणजे आज माझे जे वय आहे त्या वयाचा. दोघांच्या मध्ये तिशीचा अजय ठाकूर. हा संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे होता. तेथून अजय ठाकूरने चढाईत १२ गुण मिळविले आणि भारत ३८-२९ असा जिंकला. त्या संघात पकडीला धर्मराज चेरलाथन हा तर चाळिशी ओलांडलेला गडी होता. एकाच संघात १९ आणि ४१! आमच्या गावच्या संघात बाप-लेक एकत्र खेळताना पाहिले होते. राष्ट्रीय संघातही तसेच असू शकते हे पाहून मला गंमत वाटली.

येथे एक प्रश्न पडतो. पकडपटू चाळिशीपर्यंत टिकतो आणि चढाईपटू का टिकत नाही? माझ्या मते कारण साधे आहे. कोपऱ्यातला गडी वाट पाहतो. चढाईपटूला जावे लागते. पायाच्या बोटांवर तोल, एकदम मागे वळणे, एका गुडघ्यावर साऱ्या अंगाचा भार, आणि पकडला गेला तर चार-पाच जणांचे वजन अंगावर. आमच्यासारखी काळ्या मातीत खेळलेली पोरे मॅटवर आली की आणखी एक अडचण होते. मातीत पाय घसरतो, मॅटवर तो रुतून बसतो. वळताना अंग फिरते आणि गुडघा तेथेच राहतो. दादांच्या उजव्या गुडघ्याला कायम पट्टा असे. त्यांची संथ चढाई हे त्या गुडघ्याने शिकविलेले शहाणपण होते, हे मला उशिरा उमगले.

प्रदीप नरवालचेच पुढे पाहा. २०१७ च्या प्रो कबड्डीत त्याने एका हंगामात ३६९ चढाई गुण मिळविले, आणि एकाच सामन्यात ३४. त्याची डुबकी, म्हणजे साखळीच्या हाताखालून वाकून निसटणे, गल्लीतल्या पोरांनीही उचलली. आमच्या वसतिगृहात तर जेवणाच्या रांगेतही डुबकी मारतात. आणि २०२५ च्या लिलावात त्याला कुणी घेतले नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. वय २८. हे वाचले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसलो होतो. एवढे गुण नावावर असलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या दादांची वहीतली दोन ओळींची नोंद कोण वाचणार?

तरीही अनुभव असला की जिंकता येते असे म्हणावे, तर २०१८ चे जकार्ता आशियाई सामने आडवे येतात. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धांत आली तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताची. २०१८ ला अनुप संघात नव्हता, पण अजय ठाकूर, राहुल चौधरी असे कसलेले चढाईपटू होते, प्रदीप होता, आपल्या महाराष्ट्राचा रिशांक देवाडिगा होता. तरी उपांत्य सामन्यात इराणने १८-२७ असे हरविले. इराणच्या बचावात फजल अत्राचली होता. हा खेळाडू २०१५ पासून प्रो कबड्डीत, आणि सुरुवात यू मुम्बा संघात, अनुपच्याच कर्णधारपदाखाली. म्हणजे आपल्या चढाईपटूंची पावले त्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिलेली. मी याचा अर्थ असा लावतो की जुन्या चढाईपटूचे शहाणपण हे गुपित असते तोवरच कामाचे. समोरच्याला पाठ झाले की त्यात नवा, अनोळखी पाय मिसळावा लागतो. हा माझा तर्क आहे, इतरांचे मत वेगळे असू शकेल.

मला सर्वांत उपयोगी वाटले ते आपल्या पुणेरी पलटणचे उदाहरण. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेला हंगाम करोनामुळे एकट्या बंगळुरूत, प्रेक्षकांविना खेळविला गेला. पलटणचा प्रशिक्षक होता अनुप कुमार, हो, तोच. त्याच्याकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे मोठ्या नावाचे चढाईपटू होते, आणि अस्लम इनामदार व मोहित गोयत ही नवी पोरे होती. अस्लम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. सुरुवातीला संघ अडखळला. हळूहळू चढाईचा भार नव्या पोरांकडे सरकत गेला आणि पलटण बाद फेरीपर्यंत पोहोचली. मला येथे थांबून विचार करावासा वाटला. जो माणूस स्वतः जुना चढाईपटू म्हणून ओळखला गेला, त्यानेच जुन्यांना बाजूला घेतले! म्हणजे माझ्या वहीने दादांना बसविले ते बरोबरच होते की काय?

पण फरक आहे असे मला वाटते. पलटणची पोरे एका दिवसात पुढे आली नाहीत. सामन्यामागून सामने ती जुन्यांच्या बरोबरीने मैदानात होती, आणि बाजूला अनुप उभा होता. पुढच्या हंगामात फजल अत्राचली कर्णधार म्हणून आला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत पलटण अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा हरली. त्यानंतरच्या हंगामात कर्णधारपद अस्लमकडे आले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण प्रथमच विजेती झाली. दरम्यान अस्लम २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही खेळून आला होता. नवखा पोरगा ते कर्णधार, यात तीन हंगाम गेले. आम्ही हे काम एका दुपारी, एका वहीवर उरकले होते. शिवाय २८-२५ हा आकडा पाहा. विजेतेपदाच्या सामन्यात इतके कमी गुण! तरुणांचा संघ, पण घाई नाही. त्या सामन्याची चढाईनिहाय नोंद मी केली आहे; ज्यांना पाहायची असेल त्यांनी खोलीवर यावे.

एक गोष्ट मात्र मोठ्या संघांच्या उदाहरणांतून कळत नाही. राहुल चौधरीला बसविले तरी त्याचे नाव राहते. आमच्याकडे बसविलेल्या माणसाचे काय होते? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या पातळीवरील स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात, आणि त्या पातळीवर जायचे तर आधी खालच्या सामन्यांत निवड समितीच्या नजरेस पडावे लागते. बाहेर बसलेला माणूस कुणाच्या नजरेस पडतो? खेड्यातून आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी कबड्डीला परवानगी मिळते ती याच एका आशेवर, माझी आई अजूनही विचारते, "त्या उड्या मारून कागुद मिळतो का काही?" दादांना त्या दिवशी पूर्ण सामना खेळायला मिळाला असता तर त्यांची निवड झालीच असती, असे मी म्हणू शकत नाही. पण संधी गेली ती गेली, आणि ती जाण्याला माझ्या हातचा हिशेब कारणीभूत झाला.

दादा आता महाविद्यालयात नाहीत, पण नांदेडमध्येच आहेत. पहाटे भरतीसाठी धावायला येतात आणि धावून झाले की आमच्या सरावाला अर्धा तास थांबतात. त्यांना मी नवी वही दाखविली. त्यांनी सगळी पाने उलटून पाहिली आणि विचारले, "पकडीच्या वेळंला कोण कुणाला आवाज देतंय, त्याचा रकाना कुठाय?" तो रकाना मला अजून आखता आलेला नाही.

यंदा संघात मुखेडकडील एक मुलगा आला आहे, प्रथम वर्षाचा, वय १८. माझ्यापेक्षा सरळ सरळ वेगवान. परवा सरावात त्याने एका चढाईत तिघांना शिवले आणि मध्यरेषेवर येऊन मांडीवर थाप मारली. मी गेल्या वर्षी मारीत असे तशीच. संघातील मुले मला आता दादा म्हणू लागली आहेत. एकोणिसाव्या वर्षी आपण म्हातारे झालो हे पचवायला मला दोन-तीन दिवस लागले. माझा उजवा घोटाही गेल्या वर्षीपासून थोडा दुखतो.

यंदाच्या स्पर्धेसाठी सातांची यादी करायची आहे. सरांनी पुन्हा आम्हांलाच विचारले. मी या वेळी वही काढली तेव्हा त्यात सात रकाने होते, आणि त्या मुलाचे व माझे, दोघांचेही नाव चढाईला लिहिले. समोर सात-सहा असताना मी जाणार, पाच-चार असताना तो. तिघे उरल्यावर कोण, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो म्हणतो, त्या वेळी लोण चढवायची असते, मीच जातो. काल संध्याकाळी सरावात तीन गडी समोर ठेवून आम्ही आळीपाळीने चढाया करून पाहिल्या. तो चारदा गेला. दोनदा लोण चढविला, दोनदा पकडला गेला. मी चारदा गेलो आणि चारदा रिकामा परत आलो. दादा बाहेर उभे राहून दोघांचे सेकंद मोजीत होते.